नागपूर शिक्षक मतदारसंघ: २०२३ चा प्रचार पेन्शनभोवतीच का फिरला?

विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या, त्यातली एक नागपूर विभागाची. मत फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांना, तेही मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेलं असेल तरच. जिल्हा परिषदेचे प्राथमिक गुरुजी या यादीत नाहीत. गडचिरोलीतल्या कमी पटाच्या शाळांचा विषय प्रचारात का निघत नाही, ते इथेच कळतं. यादीही दर निवडणुकीला कोरी होते. प्रत्येकाने नमुना १९, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, नव्याने भरायचा, सोबत मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र. शाळाशाळांतून हे फॉर्म गोळा करण्याची ताकद शिक्षक संघटनांकडे, म्हणून पक्षांनाही त्यांच्या दारात जावं लागतं.

अनुदानाचं, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठी सरकारने शाळेला द्यायच्या पैशाचं, दुखणं जुनं आहे. २००१ पासून नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानगी मिळू लागली. त्यातला ‘कायम’ २००९ मध्ये गळला, पण २० टक्के अनुदानाचा टप्पा यायला २०१६ उजाडलं.

खरी गाठ १ नोव्हेंबर २००५ या तारखेची. त्या दिवशी किंवा नंतर नेमणूक झालेल्यांना तेव्हा जुनी, शेवटच्या पगारावर ठरणारी पेन्शन नव्हती; अंशदायी योजना होती, म्हणजे पगारातून कपात करून साठवलेल्या रकमेवरची पेन्शन. ऐकायला सोपं. पण २००१ आधीच्या शाळेत २००३ मध्ये रुजू झालेल्या आणि त्या दिवशी शाळा अंशतः अनुदानित असलेल्या शिक्षकाचं काय? शाळा तेव्हा १०० टक्के अनुदानावर नव्हती, म्हणून हक्क नाही, ही शासनाची भूमिका. शिक्षक विचारतात: नेमणुकीला मान्यता शिक्षणाधिकाऱ्यांची, अनुदानाचे टप्पे सरकारचे, मग उशिराचा भुर्दंड आमच्या म्हातारपणावर का? प्रश्न रास्त आहे. एकाच स्टाफरूममध्ये, सारख्याच नोकरीची दोन माणसं, एकाला जुनी पेन्शन, दुसऱ्याची कपात. जुलै २०२० च्या मसुदा अधिसूचनेने शासनाची बाजू थेट नियमांतच बसवायचा घाट घातला, तेव्हा संघटना खवळल्या.

डिसेंबर २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात, नागपुरातच, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन देणार नाही असं सभागृहात सांगितलं. तिजोरीवर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल हे कारण. महिन्याभरात शिक्षक मतदारसंघांच्या प्रचारात सत्ताधाऱ्यांचा सूर बदलला: जुन्या पेन्शनबाबत आम्ही नकारात्मक नाही. मतदारांनी आधीचं वाक्य लक्षात ठेवलं असावं. ३० जानेवारी २०२३ ला मतदान झालं आणि नागपुरात सत्ताधाऱ्यांचा पाठिंबा असलेले, दोनदा निवडून आलेले आमदार पडले.

दीड महिन्यात, १४ मार्चपासून, सरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संपावर गेले. २० मार्चला आश्वासनावर संप मिटला. अंशतः अनुदानितांची गाठ तशीच राहिली.