सांगलीत एक नंबरचं रेडिओ स्टेशन कोणतं? (आमच्या जाहिरातदार ग्राहकांसाठी)

रेडिओवरच्या जाहिरातीचं बुकिंग करायला आमच्या ऑफिसात आलेल्यांकडून खुर्चीत टेकता टेकताच विचारणा होते, "रेटिंग कुणाचं जास्त, तेवढं सांगा." रोज तेच उत्तर द्यावं लागतं, म्हणून ते छापूनच ठेवलं आहे.

२००७ मध्ये सुरू झालेलं 'रॅम' हे रेडिओच्या श्रोत्यांचं मोजमाप मुंबई, दिल्ली, बंगळुरूसारख्या महानगरांपुरतं होतं. निवडक श्रोत्यांना डायरी द्यायची, त्यांनी पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यात काय ऐकलं त्याच्या खुणा करायच्या. सांगली-मिरज त्यात नव्हतंच. त्यामुळे कुणी 'नंबर वन' लिहिलेला रंगीत कागद पुढं केला, तर तो कुठल्या शहराचा आणि कोणत्या महिन्याचा ते विचारा. शिवाय श्रोते किती आणि ऐकण्याच्या एकूण वेळेत हिस्सा किती, हे दोन वेगळे आकडे. पिठाच्या गिरणीत दिवसभर रेडिओ लावून बसलेला एकटा माणूस हिस्सा भरपूर वाढवतो. साडीच्या दुकानाला त्याचा काय उपयोग?

कुठल्या स्टेशनची कुठली वेळ चालते, ते आम्ही ठरवतो तुमच्या गल्ल्यावरून. सकाळच्या जाहिरातीत 'हळद म्हणा, पिशवी मोफत', संध्याकाळच्या जाहिरातीत 'बेदाणा म्हणा'. गिऱ्हाईक जो शब्द म्हणेल, त्याच्यापुढं आम्ही दिलेल्या वहीत तुम्ही तिथल्या तिथं एक रेघ ओढायची. बस्स.

घोळ होतो तो इथंच. वही शनिवारी रात्री भरली जाते. आम्हाला उघडताक्षणी कळतं: सहा दिवसांच्या रेघा एकाच पेनाच्या, एकाच तिरक्या हाताच्या, रोज बरोब्बर पाचाची जुडी. एका दुकानाच्या वहीत गुरुवारच्याही रेघा होत्या, आणि गुरुवारी ते दुकान बंद असतं! आठवून भरलं की ज्याचं नाव तोंडात बसलंय त्या स्टेशनच्या वेळेपुढं रेघा वाढतात. मग चाचणी पहिल्यापासून. पंधरा दिवस तुमचे जातात, आणि दुसऱ्यांदा बसून हिशेब करण्याचे पैसे आम्ही लावत नाही. वही गल्ल्याशेजारी सुतळीनं बांधा, पेनसुद्धा. आणि पोराला "कुठं ऐकलंत?" असं विचारायला लावू नका. "पेपरात" म्हणून माणूस मोकळा होतो, मग तुम्ही पेपरात जाहिरात दिलेली असो वा नसो.

ऐकायची सवय बदललीय, हे मात्र खरं. पूर्वी मोबाईलला इयरफोन लावला की त्याची वायरच एफएमची एरियल व्हायची. नव्या बऱ्याच फोनना ती पीन लावायची जागाच नाही, त्यामुळे खिशातला रेडिओ कमी झाला, गाडीतला टिकला. सांगली आकाशवाणी १९६३ सालची. तिच्या मध्यम लहरींवर वाढलेले आजोबा आता नातवाकडून मोबाईलवर ॲप लावून घेतात. (उसाच्या ट्रॅक्टरवर दणदणतं तो रेडिओ नव्हे, पेनड्राइव्ह. तो धरून हिशेब मांडू नका.) अशा बदलत्या सवयीत कुठल्या महानगराचा जुना आकडा तुमच्या कामाचा नाही; तुमच्याच दारात आलेला माणूस कामाचा.

पंधरा दिवसांच्या आतलं बुकिंग आम्ही घेत नाही, त्यावर काहीजण नाराज होतात. चौथ्या दिवशी "कुणी ऐकतच नाही हो, बंद करा" म्हणून फोन येतो. पण पगाराचा आठवडा आणि महिनाअखेर, दोन्ही वहीत यायला हवेत. पहिल्या फेरीनंतर कोरडी गेलेली वेळ आम्ही स्वतःहून काढून टाकतो, तुमचं बिल कमी झालं तरी.

वही ऑफिसात फुकट मिळते. सुतळीही देतो. पेन तुमचं.