शेवटी बोलणाऱ्याचं पारडं

दिवाळीत फराळ आटोपला की कोल्हापूरच्या पेठांमध्ये तीन पानी रंगते. चाल वाटणाऱ्याच्या शेजाऱ्यापासून सुरू होते आणि फिरत फिरत वाटणाऱ्यापाशी येते. तोवर कोण पानं टाकून पॅक झालं, कोणी चाल वाढवली, हे त्याला फुकटात कळलेलं असतं. मुरलेले खेळाडू या जागेचं मोल ओळखून असतात. गणितात मात्र ते उलगडायला वेळ लागला, कारण सुरुवातीची उत्तरं एकमेकांच्या उलटी निघाली.

पोकर हा तीन पानीसारखाच पानांवर पैसे लावायचा खेळ. फ्रेंच गणितज्ञ एमिल बोरेल यांच्या १९३८ च्या दोघांच्या सोप्या पोकरमध्ये पहिल्या खेळाडूने एक तर पैसे लावायचे, नाहीतर पत्ते टाकायचे. त्यात दुसरा फायद्यात राहतो. खेळांचं गणित मांडणाऱ्या फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या एका नमुन्यात पहिल्याला न लावता थेट पानं उघडण्याची मुभा होती आणि दुसऱ्याला स्वतःहून लावायची सोयच नव्हती. तिथे पहिला जिंकतो! म्हणजे नुसतं शेवटी बसून भागत नाही. समोरच्याचं पाहून झाल्यावर पैसे लावायचा हक्कही हातात हवा.

गणितज्ञ हॅरोल्ड कून यांनी १९५० मध्ये हा हक्क दुसऱ्याला दिला. त्यांचा खेळ मला फार आवडतो. शिवाजी विद्यापीठात गणित शिकणाऱ्या कुणालाही तो एका कागदावर सोडवता येईल. पानं तीनच: गुलाम, राणी, राजा. दोघांचा एकेक रुपया मध्ये, वर आणखी एकच रुपया लावता येतो. पहिल्याला राणी आली तर लावण्यात अर्थ नाही. राजावाला कॉल करणार, म्हणजे तेवढाच रुपया लावून पानं उघडायला लावणार, गुलामवाला पळणार. म्हणून तो पास देतो. आता सूत्रं दुसऱ्याकडे. राजा असेल तर तो लावतोच, पण गुलाम असतानाही तीनातून एकदा ब्लफ मारतो आणि राणीवाला कोड्यात पडतो. दोघंही बिनचूक खेळले तरी दुसरा सरासरी १८ डावांमागे एक रुपया कमावतो. पत्ते दोघांना सारखेच येतात, हा रुपया निव्वळ क्रमाचा.

खऱ्या पोकरमधला आकडा यायला २०१५ उजाडलं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या मायकेल बोलिंग यांच्या गटाने दोघांचा लिमिट होल्डेम (लावायची रक्कम ठरलेली असलेला पोकरचा प्रकार) संगणकावर जवळजवळ पूर्ण सोडवला. त्यात डीलर, म्हणजे वाटणारा, पहिल्या फेरीत आधी बोलतो, पुढच्या तिन्ही फेऱ्यांत शेवटी. आणि दर डावामागे मोठ्या ब्लाइंडच्या (पानं पाहण्याआधी सक्तीने लावायच्या दोन रकमांपैकी मोठीच्या) सुमारे ९ टक्के मिळवतो.