पूररेषा (पुणे)

नदीला ठरावीक आकाराचा पूर आल्यास पाणी काठावर कुठवर चढेल, हे दाखवणारी नकाशावरील रेषा. महाराष्ट्रात अशा दोन रेषा आखल्या जातात, निळी आणि लाल. पुणे परिसरात मुठा, मुळा, पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या काठी कुणाला काय बांधता येईल, हे बऱ्याच अंशी या दोन रेषांवर ठरते; मग जमीन खासगी मालकीची का असेना.

या व्यवस्थेचा पाया म्हणजे राज्याच्या पाटबंधारे विभागाचे (आताचा जलसंपदा विभाग) सप्टेंबर १९८९ चे परिपत्रक. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो मोठा त्याची पातळी निळ्या रेषेने दाखवतात. लाल रेषेसाठी १०० वर्षांतून एकदा येणारा पूर धरतात. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र असतो. तिथे बाग, मैदान, उघडी मंडई, वाहनतळ असे मोकळे वापर चालतात, इमारत चालत नाही. निळ्या आणि लाल रेषांमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र असून तिथे बांधकामाचे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच असावे लागते.

‘२५ वर्षांतून एकदा’ हे ऐकायला फार दूरचे वाटते आणि घर घेणारे बहुतेक जण तिथेच फसतात. याचा हिशेबी अर्थ असा, की दरवर्षी हा पूर येण्याची शक्यता ४ टक्के असते. नेमक्या निळ्या रेषेवरच्या घरासाठी वीस वर्षांचे कर्ज काढले, तर ते फिटेपर्यंत उंबऱ्याला पाणी लागण्याची शक्यता निम्म्याहून अधिक भरते.

पुण्यातील मुठेची गोष्ट इतर नद्यांहून वेगळी आहे, कारण तिचा पूर बव्हंशी खडकवासल्याच्या दारांतून येतो. वर टेमघर, वरसगाव आणि पानशेत ही धरणे आहेत. त्यांचे पाणी खडकवासल्यात उतरते आणि तिथून शहरात. त्यामुळे इथल्या रेषा विसर्गाच्या आकड्याने ओळखल्या जातात : निळी ६० हजार क्युसेकची, लाल १ लाख क्युसेकची. (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर.) यापेक्षा कितीतरी कमी विसर्गाला डेक्कनजवळचा बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि ‘भिडे पूल बुडाला’ हे पुणेकरांचे पावसाळ्याचे खरे मोजमाप आहे.

१२ जुलै १९६१ चा पूर मात्र या गणितात बसणारा नव्हता. बांधकाम पुरते झालेले नसताना पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि नारायण, शनिवार यांसारख्या काठच्या पेठांतले वाडे कोसळले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा भागांत वसाहती उभ्या राहिल्या. पुण्याच्या नकाशाला एका दिवसाच्या पाण्याने दिलेले हे वळण आजही दिसते. एवढे सोसलेल्या शहराने पुढे नदीकाठ मोकळा ठेवला असता, असे कुणालाही वाटेल. घडले ते उलटेच.

खासगी जमिनीच्या दृष्टीने पूररेषेचे स्थान अवघड आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे आणि त्यांची पात्रे, दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध नसेल तर, राज्य शासनाची. काठाची शेते मात्र शेतकऱ्यांची. विकास आराखड्यात शाळेचे किंवा उद्यानाचे आरक्षण पडले, तर प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार मालकाला मोबदला किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मागता येतो, आणि दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली गेली नाही तर कलम १२७ खाली खरेदीची नोटीसही देता येते. पूररेषा हे आरक्षण नव्हे. ते जमिनीच्या वापरावरचे बंधन आहे. त्यामुळे सातबारा मालकाच्या नावावर राहतो आणि बांधण्याचा हक्क तेवढा जातो. टेकड्यांवरील जैवविविधता उद्यानाच्या (बीडीपी) जमिनींना निदान ८ टक्के टीडीआर देऊ केला गेला. नदीकाठच्या मालकासाठी तसे काही ठरलेले नाही. काठावर रातोरात पडणारा राडारोडा, त्याने उंचावलेली जमीन आणि त्यावर उभे राहणारे पत्र्याचे शेड किंवा मंगल कार्यालयाचे लॉन यांमागचे अर्थकारण इथे आहे. केवळ कारवाईच्या धाकाने ते थांबेल, ही अपेक्षा भाबडी म्हणावी लागते.

भराव खासगी मालकच टाकतात असेही नाही. विठ्ठलवाडीपासून बाह्यवळण मार्गाकडे जाणाऱ्या नदीकाठच्या रस्त्यासाठी महापालिकेने निळ्या रेषेच्या आत भराव टाकला होता. त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१३ मध्ये आदेश दिला. वनाज–रामवाडी मेट्रोचा सुमारे पावणेदोन किलोमीटरचा टप्पा मुठेच्या पात्रातून जातो. तो वादही न्यायाधिकरणापुढे गेला आणि अखेर मार्ग तिथूनच झाला. सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरचा मुख्य आक्षेपही हाच आहे, की बांधीव काठांमुळे पात्र अरुंद होऊन पुराची पातळी चढेल.

पात्र बदलले की तेवढ्याच विसर्गाला पाणी अधिक चढते, आणि जुनी रेषा कागदावर तिथेच राहते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले जात असताना सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतल्या इमारतींत पाणी शिरले. निळ्या रेषेचा आकडा त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट आहे. धरणाखालच्या मुक्त, म्हणजे कुठल्याही धरणाने न अडवलेल्या, पाणलोटातला मुसळधार पाऊसही त्यात मिसळला होता, त्यामुळे केवळ धरणाच्या दारांकडे पाहून भागत नाही.

ओढ्यांचे पाणी तर धरणाच्या हिशेबात येतच नाही. कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याचा प्रवाह पेशवाईतच वळवला गेला होता. नंतरच्या वस्तीने तो आणखी आवळला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि अरण्येश्वर, सहकारनगर परिसरात भिंती कोसळल्या, माणसे वाहून गेली.

पूररेषेची गल्लत अनेकदा नदी नियमन क्षेत्र धोरणाशी होते. ते २००० सालचे धोरण प्रदूषण रोखण्यासाठी उद्योगांनी नदीपासून किती अंतरावर असावे हे ठरवणारे होते. २००९ मध्ये ते सुधारले गेले आणि २०१५ मध्ये राज्य शासनाने ते रद्द केले. पूररेषा त्यापूर्वीही होत्या आणि आजही लागू आहेत.

पिंपरी-चिंचवडमध्ये इंद्रायणीकाठी चिखली येथे निळ्या रेषेच्या आत प्लॉट पाडून उभारलेले ३६ बंगले १७ मे २०२५ रोजी महापालिकेने पाडले. हरित न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध रहिवासी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तिथेही दिलासा मिळाला नाही. असे प्लॉट घेणारे सहसा सातबारा आणि खरेदीखत तपासतात. त्या दोन्हींत पूररेषा दिसत नाही. ती जलसंपदा विभागाच्या नकाशावर आणि महापालिकेच्या विकास आराखड्यात पाहावी लागते.