160 जीबीची डिस्क 128 वर का अडते?

निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या कितीतरी पतसंस्थांत आणि दुकानांत हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीशिवाय चालत नाही, म्हणून संगणकही वीस वर्षांपूर्वीचाच जपावा लागतो. त्याची हार्ड डिस्क गेली की बेळगावातून वापरलेली 160 जीबीची आयडीई, म्हणजे रुंद चपट्या केबलची जुन्या पद्धतीची, डिस्क येते. ती बसवल्यावर दिसत नाही, किंवा कमी दिसते. लगेच परत करू नका. किती दिसते, त्या आकड्यातच दुखणं कळतं.

149 जीबी दिसली तर आकडा ठीक आहे. कंपनी 1000 च्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या.

127.9 किंवा 128 वर अडली, तर प्रश्न पत्त्यांचा आहे. डिस्कवरच्या दर 512 बाइटच्या कप्प्याला, म्हणजे सेक्टरला, जुन्या पद्धतीत 28 बिटांचा, म्हणजे 28 शून्य-एकांचा, पत्ता असे. 28 बिटांत 26 कोटी 84 लाख 35 हजार 456 पत्ते बसतात. त्यांना 512 ने गुणलं की विंडोजच्या मापाने बरोबर 128 जीबी होतात. पुढे 48 बिटांचे पत्ते आले. ते बायॉस (संगणक सुरू होताना आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) आणि विंडोज या दोघांनाही समजावे लागतात. एक्सपीला त्यासाठी किमान सर्व्हिस पॅक 1, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा सुधारणांचा पहिला संच, हवा. हे अर्धवट जुळलं तर खरा धोका आहे. 128 च्या पुढे लिहायला गेल्यावर पत्त्याचे वरचे बिट गळतात आणि मजकूर डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर जाऊन बसतो. वर्षाची खतावणी अशी नासू शकते. दोन्हींची खात्री नसेल तर 120 जीबीचंच पार्टिशन (डिस्कचा वापरायचा भाग) करा, उरलेली जागा रिकामी सोडा.

31.5 जीबी दिसली, तर मागच्या पिनांवर क्षमता मर्यादित करणारा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, लावलेला असतो. डिस्कवरचा तक्ता बघून काढा.

अजिबातच दिसत नसेल तर केबल बघा. एका केबलवर दोन ड्राइव्ह बसतात; पहिला मास्टर, दुसरा स्लेव्ह, आणि कोण कुठला ते ड्राइव्हवरच्या जंपरने ठरतं. 80 तारांच्या केबलचं निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला. लाल कडेची तार पिन 1 कडे; डिस्कवर ती बहुधा वीजेच्या सॉकेटच्या बाजूला येते. एका केबलवर दोन मास्टर ठेवले तर एकही धड दिसत नाही, आणि सीडी ड्राइव्हचा जंपर तपासायचा राहून जातो तो इथेच. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच आयडीई डिस्कांना एकट्या बसवताना मास्टर नव्हे, सिंगल लागतं, म्हणजे सहसा जंपरच नको.

खानापूरकडच्या पावसात कनेक्टरच्या पिना काळवंडतात. संगणकाचा प्लग भिंतीवरच्या सॉकेटमधून काढा, मग केबल तीन-चार वेळा सरळ काढा-घाला. तिरकी ओढली तर पिन वाकते.

शेवटी मदरबोर्डवरची सीआर2032 बॅटरी. ती उतरली की बायॉस डिस्कची सेटिंग विसरतो, तारीखही मागे जाते. नवी घातल्यावर सॉफ्टवेअर उघडण्याआधी तारीख बघा, नाहीतर आजची पावती जुन्या वर्षाच्या खात्यात पडेल.