प्रमाणवेळ व उन्हाळी वेळ

प्रमाणवेळ : एखाद्या देशाने किंवा प्रदेशाने कायद्याने ठरवून दिलेली आणि त्या साऱ्या मुलखात एकच मानली जाणारी घड्याळी वेळ. वर्षातल्या मोठ्या दिवसांच्या काळात हीच वेळ, बहुधा एका तासाने, पुढे सरकवण्याची जी प्रथा काही देशांत आहे तिला उन्हाळी वेळ म्हणतात. दोन्ही गोष्टी जुन्या वाटल्या तरी पावणेदोनशे-दोनशे वर्षांपलीकडच्या नाहीत. त्याआधी गावागणिक वेळ वेगळी होती आणि ती त्या गावाच्या माथ्यावर येणारा सूर्य ठरवत असे.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. एका रेखांशाला त्यामुळे ४ मिनिटे पडतात. मुंबई ७२.८ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि नागपूर ७९.१ वर, तेव्हा नागपूरचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा सुमारे २५ मिनिटे पुढे असतो. संकष्टीच्या दिवशी वर्तमानपत्रात चंद्रोदयाच्या वेळा शहरवार छापाव्या लागतात त्या यामुळेच. घड्याळ दोन्हीकडे एकच, तरी नागपूरकरांचा उपवास आधी सुटतो. भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून मोजतात ते ८२.५ अंशांचे, मिर्झापूरजवळून जाणारे. तिथून मुंबई ३९ मिनिटे मागे, कोल्हापूर ३३ आणि नागपूर १४. म्हणजे मुंबईत सूर्य मध्यान्ही येतो तेव्हा घड्याळात १२ नव्हे, १२.३९ वाजलेले असतात, तेही सरासरीने. पृथ्वीची कक्षा लंबगोल असल्याने आणि तिचा आस कललेला असल्याने सूर्य वर्षभर एका चालीने चालत नाही. पंचांगकर्ते ज्याला वेलांतर म्हणतात तो हा फरक. त्यामुळे मुंबईचा खरा मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२३ च्या सुमारास येतो, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२.५३ पर्यंत लांबतो.

गावोगावच्या वेळा वेगळ्या असल्याने कोणाचे काही अडत नव्हते. अडले ते आगगाडी आल्यावर. बैलगाडीच्या प्रवासात १० मिनिटांचा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. एकेरी रुळावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांना मात्र तो जिवावर बेततो. इंग्लंडमधील ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये आपल्या सर्व स्थानकांवर लंडनची वेळ लावली. देशाच्या कायद्याने ती मान्य व्हायला १८८० उजाडले. अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी आपसांत ठरवून एकेका प्रमाणवेळेचे पट्टे पाडले. सरकारी कायदा त्यानंतर ३५ वर्षांनी, १९१८ मध्ये झाला. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली आणि ग्रिनिच हे मूळ रेखावृत्त ठरले. फ्रान्स तटस्थ राहिला. पुढे १९११ मध्ये त्याने ग्रिनिचची वेळ स्वीकारली, पण कायद्यात ग्रिनिचचे नाव येऊ दिले नाही. ‘पॅरिसची वेळ, ९ मिनिटे २१ सेकंद मागे’ अशी तिची व्याख्या केली. हट्टही राहिला आणि कामही झाले.

वॉशिंग्टनच्या परिषदेने पट्टे आखून दिले, असा समज पाठ्यपुस्तकांतून पसरलेला आहे. परिषदेने फक्त शून्य रेखावृत्त आणि तिथल्या मध्यरात्रीपासून मोजायचा जागतिक दिवस ठरवला. पट्टे ज्याने त्याने आपापल्या सोयीने पाडले आणि म्हणून नकाशावर ते सरळ उभे दिसण्याऐवजी सीमांप्रमाणे वेडेवाकडे दिसतात. चीन पाच पट्ट्यांइतका रुंद आहे, पण १९४९ पासून तिथे एकच, बीजिंगची, वेळ चालते. पश्चिमेच्या काशगरला त्या घड्याळात मध्यान्ह होतो तो दुपारी तीनच्या सुमारास. शिनजियांगमधले अनेक लोक म्हणून दोन तास मागची अनौपचारिक वेळही पाळतात. स्पेन ग्रिनिचच्या जवळपास असूनही १९४० पासून मध्य युरोपच्या वेळेवर आहे. नेपाळची वेळ आपल्यापुढे १५ मिनिटे आहे. ती गौरीशंकर शिखराजवळच्या रेखावृत्तावरून घेतलेली. पट्ट्यांची दोन टोके यूटीसीच्या म्हणजे समन्वित जागतिक वेळेच्या मागे १२ तास आणि पुढे १४ तास इतकी ताणलेली आहेत. परिणामी रोज काही काळ पृथ्वीवर एकाच क्षणी तीन तारखा चालू असतात.

भारतात ही ओढाताण कशी झाली ते मुंबईइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशातल्या रेल्वे मद्रासच्या वेधशाळेच्या वेळेवर चालत. ही वेळ ग्रिनिचपुढे ५ तास २१ मिनिटे होती. मुंबईची स्थानिक वेळ ४ तास ५१ मिनिटे, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे. बोरीबंदरला गाडी पकडणाऱ्या मुंबईकराला घरच्या घड्याळात अर्धा तास मिळवून निघावे लागे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास वेळ लादून पाहिली. विरोध इतका झाला की दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली.

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ग्रिनिचपासून नेमका साडेपाच तासांचा फरक पडावा म्हणून ८२.५ अंशांचे रेखावृत्त निवडले गेले आणि ते तत्कालीन देशाच्या साधारण मध्यातून जात होते. कागदावर ही निवड निर्दोष आहे. पण गिरणीत पहाटे कामाला जाणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. घड्याळे ३९ मिनिटे पुढे गेली, म्हणजे नवे सहा वाजत तेव्हा जुन्या घड्याळात ५.२१ झालेले असत. भोंगा तोच, पण अंधार जास्त. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी नव्या घड्याळांविरुद्ध दंगा केला. महापालिकेत हा प्रश्न लोकांना न विचारता घेतलेल्या सरकारी निर्णयाचा झाला. फिरोजशहा मेहता हे या विरोधातले अग्रणी. अखेर महापालिकेने आपली घड्याळे मुंबई वेळेवरच ठेवण्याचे ठरवले. मग कित्येक दशके एकाच शहरात दोन वेळा नांदल्या. रेल्वे, टपाल व तारखाते प्रमाणवेळेवर, आणि पालिका मुंबई वेळेवर. भेट ठरवताना ‘स्टँडर्ड की बॉम्बे?’ असे विचारून घेणे भाग होते. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. मुंबई वेळ गेली ती त्यानंतर, १९५० च्या दशकात.

उन्हाळी वेळेसारखा एक प्रयोग भारतानेही केला आहे. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशाचे घड्याळ एक तास पुढे, म्हणजे ग्रिनिचपुढे साडेसहा तास होते. त्या तीन वर्षांत जन्मलेल्यांची पत्रिका मांडताना जाणकार ज्योतिषी नोंदवलेल्या जन्मवेळेतून आधी तास वजा करतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याचे लग्न चुकते. पत्रिकेतले, अर्थात.

ईशान्य भारताची तक्रार मुंबईच्या उलट आहे. अरुणाचलात उन्हाळ्यात पहाटे साडेचारच्या आधीच उजाडते आणि हिवाळ्यात कचेऱ्या सुटण्याआधी अंधार पडतो. गुजरातच्या पश्चिम टोकापासून अरुणाचलच्या पूर्व टोकापर्यंत जवळजवळ दोन तासांचा सौर फरक आहे. आसामच्या चहामळ्यांत एक तास पुढची ‘बागान वेळ’ इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे. देशाची प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दोन वेळांचा प्रस्ताव मांडला होता. सरकारने दोन वेळा नाकारल्या आहेत. रेल्वे अपघातांची भीती हे त्यामागच्या मुख्य कारणांपैकी एक सांगितले जाते. १८४० पासूनचा मुद्दा अजून जागच्या जागी आहे.

उन्हाळी वेळ : उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो, लोक मात्र घड्याळ बघून उठतात, त्यामुळे सकाळचा उजेड वाया जातो. घड्याळच पुढे केले तर तो उजेड संध्याकाळी हाती येतो. कल्पना एवढीच. न्यूझीलंडचे कीटकसंग्राहक जॉर्ज हडसन यांनी ती १८९५ मध्ये आणि इंग्लंडचे बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. सरकारांनी दाद दिली नाही. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरीने ३० एप्रिल १९१६ रोजी ती अमलात आणली आणि तीन आठवड्यांत ब्रिटननेही तीच वाट धरली. विलेट आदल्याच वर्षी वारले होते. शेतकऱ्यांसाठी ही वेळ आली, असे अजूनही लिहिले जाते. ते खरे नाही. अमेरिकेत तिच्या विरोधात आघाडीवर होते ते शेतकरीच. गाय सूर्यावर चालते आणि दुधाची गाडी घड्याळावर, ही त्यांची अडचण होती.

विषुववृत्ताजवळ या खटाटोपाला अर्थ नाही. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. लंडनला हेच आकडे साडेसोळा आणि आठाच्या आत आहेत. वाटून घ्यायला उजेड तिथे आहे, इथे नाही. विजेची बचत तिथेही बेताचीच होते. अमेरिकेच्या इंडियाना राज्याने २००६ मध्ये ही पद्धत सर्वत्र लागू केली तेव्हा घरगुती वापर सुमारे एक टक्क्याने वाढलेला आढळला. दिव्यांचे वाचलेले एअर कंडिशनरने खाल्ले.

अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री २ वाजता एकदम ३ वर जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत येते. त्या नोव्हेंबरच्या रात्री दीड दोनदा वाजतो. हवाई आणि बहुतेक ॲरिझोना यात नाहीत, पण ॲरिझोनातलाच नाव्हाहो या मूलनिवासी जमातीचा प्रदेश यात आहे. युरोपीय संघ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो, तेही सगळीकडे एकाच क्षणी. ऑस्ट्रेलियाचे लॉर्ड हाऊ बेट अर्धाच तास सरकते. भारताचे घड्याळ हलत नसले तरी वेळापत्रक हलते. न्यू जर्सीतल्या लेकीचा रविवारी सकाळी नऊचा फोन पुण्यात हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातला वाजतो, उन्हाळ्यात साडेसहाला. मार्चमध्ये अमेरिका बदललेली आणि युरोप अजून न बदललेला असे दोनतीन आठवडे येतात, तेव्हा हिंजवडीतल्या मीटिंगा हमखास एकमेकींवर आदळतात. मुंबईच्या मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवर सोन्या-तेलाचे व्यवहार अमेरिकी उन्हाळ्यात रात्री ११.३० ला बंद होतात आणि हिवाळ्यात ११.५५ ला.

उन्हाळी वेळ मोडीत काढण्याच्या गोष्टी तर सतत चालू असतात. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये वर्षातून दोनदा घड्याळ बदलणे थांबवण्याच्या बाजूने मत दिले, पण कायमची वेळ उन्हाळी ठेवावी की हिवाळी यावर देशांचे एकमत होईना, म्हणून निर्णय पडून आहे. रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ घेतली, काळोख्या सकाळींना लोक वैतागले आणि २०१४ मध्ये कायमची हिवाळी घेतली. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतांश देशात ही पद्धत सोडली, तर इजिप्तने २०२३ मध्ये पुन्हा आणली. मोरोक्को वर्षभर एक तास पुढे असतो, फक्त रमझानमध्ये मागे येतो. मार्च २०२३ मध्ये लेबनॉन सरकारने रमझानसाठी घड्याळ बदलणे ऐनवेळी लांबवले. मॅरोनाइट चर्चने ते मानले नाही, काही शाळा आणि वाहिन्यांनीही मानले नाही. काही दिवस एका छोट्या देशात, मुंबईसारख्याच, दोन वेळा होत्या; मग सरकारने माघार घेतली. सामोआने तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून वाररेषेची, म्हणजे जी ओलांडली की तारीख बदलते त्या रेषेची, बाजूच बदलली. त्यासाठी ३० डिसेंबर २०११ हा आख्खा शुक्रवार वगळला.

हे सगळे मोबाइलला कळते ते एका सामायिक नोंदवहीमुळे. ‘टीझेड डेटाबेस’ नावाची ही वही १९८० च्या दशकात अमेरिकेत आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केली. कोणत्या मुलखाने घड्याळ केव्हा आणि किती हलवले याच्या ओळी तिच्यात असतात. सरकारने ऐनवेळी निर्णय फिरवला की स्वयंसेवक घाईने नवी आवृत्ती काढतात. भारतासाठी तिच्यात ‘एशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे. युद्धकाळातला साडेसहा तासांचा टप्पा तिच्यात आहे. मुंबईची वेगळी नोंद नाही, त्यामुळे १९३० साली मुंबईत किती वाजले होते असे संगणकाला विचारले तर तो प्रमाणवेळच सांगतो. पालिकेच्या घड्याळात तेव्हा ३९ मिनिटे कमी असत.