घड्याळाला 'जास्त चावी' बसत नाही

"जास्त चावी दिली गेली, म्हणून बंद पडलं." बंद पडलेलं चावीचं घड्याळ कुणी हातात दिलं की पाठोपाठ हे वाक्य येतंच. चावी पुरती आवळलेली असते आणि काटे हलत नसतात, हे खरं. पण एकामुळे दुसरं झालेलं नसतं. मेनस्प्रिंग म्हणजे एका गोल डबीत गुंडाळलेली पोलादाची लांब पट्टी. ती पूर्ण आवळली की चावी पुढे फिरतच नाही. त्यावरही कुणी जोर केला तर पट्टी तुटेल, पण मग चावी आवळलेली राहणार नाही, नुसती गरागरा फिरेल. चावी भरलेली आणि घड्याळ बंद, याचा अर्थ एवढाच की ताकद आहे, ती पुढे पोचत नाही. वाटेत कुठेतरी तेल वाळून गोंदासारखं झालेलं असतं किंवा धूळ अडकलेली असते.

ती वाट मोकळी करणं घरी शिकता येतं. डोळ्याला लावायचं भिंग, दोन-तीन बारीक स्क्रू ड्रायव्हर, चांगला चिमटा आणि स्वच्छ टेबल असलं की सुरुवात होते. सराव मात्र मोठ्या यंत्रावर करावा. ६४९७ नावाचं स्विस यंत्र मुळात खिशातल्या घड्याळासाठी आखलेलं आहे. व्यास ३६.६ मिलिमीटर, त्यामुळे प्रत्येक चाक नीट दिसतं. नाजूक, लहान घड्याळ पहिल्यांदा उघडू नये. रेडियमचा रंग लावलेल्या जुन्या तबकडीला तर हातच लावू नये. असा रंग १९६० च्या दशकापर्यंत वापरात होता. अंधारात चमकणं कधीच थांबलेलं असतं, पण रेडियम तसंच असतं. त्याचं अर्धायुष्य १,६०० वर्षांचं आहे आणि रंगाची भुकटी श्वासातून आत जाऊ शकते.

पहिल्या वेळी मी एक पायरी विसरले. यंत्र उघडण्याआधी चावी उतरवायची असते: चावी उलटी फिरू न देणारा खटका चिमट्याने बाजूला धरायचा आणि चावी बोटांतून हळूहळू सुटू द्यायची. ते न करता मी पॅलेट फोर्कवरचा ब्रिज सोडवला. पॅलेट फोर्क म्हणजे शेवटच्या चाकाला अडवून धरणारा तुकडा, आणि ब्रिज म्हणजे त्याला जागेवर धरणारी पट्टी. झर्रर्र असा आवाज आला. दीड दिवस पुरणारी चावी दोन-तीन सेकंदांत रिकामी झाली आणि शेवटच्या चाकाचा पिव्हट मोडला. पिव्हट म्हणजे आसाचं केसासारखं बारीक टोक. मला त्याचं अतिशय वाईट वाटलं. पण इतकी ताकद इतका वेळ रोखून धरतो तो इवलासा फोर्क, हे त्या आवाजाने जसं कळलं तसं कुठल्याही आकृतीवरून कळलं नव्हतं.

चाकांचा हिशेब पाहा. मिनिटकाट्याचं चाक तासाला एक फेरा घेतं, सेकंदकाट्याचं मिनिटाला एक आणि शेवटचं १५ दातांचं एस्केप व्हील मिनिटाला दहा. मिनिटकाट्यापासून इथवर वेग ६०० पटींनी वाढला आणि जोर तितक्याच पटींनी घटला. म्हणून टोकाशी तेलाचा जरासा चिकटपणाही सगळं थांबवायला पुरतो.

या चाकासमोर दोन हात पसरलेला पॅलेट फोर्क बसतो. त्याच्या प्रत्येक हातात माणकाचा एक चपटा खडा असतो. समजा, चाकाचा एक दात डाव्या खड्याला टेकून थांबला आहे. बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारं ते चाक, फिरत परत येतं. त्याच्या आसाजवळचा माणकाचा खुंट फोर्कच्या खाचेत शिरतो आणि फोर्कला बाजूला सारतो. खडा सरकतो, दात सुटतो. सुटलेला दात खड्याच्या तिरप्या तोंडावरून घसरत जातो आणि घसरता घसरता फोर्कला रेटतो. आता फोर्कची खाच त्याच खुंटाला मागून धक्का देते. क्षणापूर्वी बॅलन्स फोर्कला ढकलत होता, आता फोर्क बॅलन्सला ढकलतो! मग दात खड्यावरून निसटतो आणि पलीकडचा दुसरा दात उजव्या खड्यावर आपटून थांबतो. टिक. या आवाजाचा सगळ्यात मोठा भाग म्हणजे चाक थांबल्याचा आवाज. तोवर खुंट खाचेतून बाहेर पडलेला असतो. बॅलन्स एकटाच पुढे जातो, हेअरस्प्रिंग, म्हणजे त्याच्या आसाला जोडलेली केसासारखी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग, त्याला परत आणते आणि हेच सगळं उलट बाजूने घडतं. तासाला १८,००० ठोके देणाऱ्या घड्याळात हे सेकंदाला पाच वेळा होतं, दिवसाला ४,३२,००० वेळा.

लंडनचा घड्याळजी थॉमस मज याने १७५५ च्या सुमारास हा फोर्क योजला. त्यातली कल्पकता बॅलन्सला एकटं सोडण्यात आहे. निरोगी घड्याळात बॅलन्स मधल्या जागेपासून दोन्हीकडे २७० अंशांच्या आसपास झुलतो, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत ५४० अंश. फोर्कशी गाठ पडते ती मधल्या पन्नासेक अंशांत. तिथे वेगही सर्वांत जास्त असतो, त्यामुळे २०० मिलिसेकंदांच्या झोक्यातले जेमतेम १२ मिलिसेकंद त्यात जातात. बाकी वेळ बॅलन्स आणि हेअरस्प्रिंग ही जोडी मोकळी असते. १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने ही स्प्रिंग जाहीर केली आणि इंग्रज शास्त्रज्ञ हूकने लगेच कल्पना आपलीच असल्याचा दावा केला. झोक्याचा कालावधी बॅलन्सचं जडत्व भागिले स्प्रिंगचा ताठरपणा, याच्या वर्गमुळावर ठरतो. झोका किती मोठा, याचा त्यात संबंध नाही. म्हणून चावी भरलेली असो वा उतरत आलेली, वेळ जवळपास सारखीच राहते.

'जवळपास' का, तेही सांगते. झोपाळ्याला बरोबर तळाशी धक्का दिला तर झोका मोठा होतो, ताल बदलत नाही. तळाच्या आधी धक्का दिला तर झोका लवकर पुरा होतो, नंतर दिला तर उशिरा. अडथळ्याचं नेमकं उलट. फोर्क सोडवण्याचा अडथळा मधल्या जागेच्या आधी येतो आणि धक्क्याचा बराचसा भाग नंतर मिळतो. दोन्हींचा परिणाम एकच, घड्याळ मागे पडणं. झोका मोठा असेल तर हा वाटा नगण्य असतो. तेल वाळून झोका २०० अंशांखाली आला की तो उघड जाणवू लागतो. तेल, धूळ आणि वेळ यांचा संबंध असा आहे.

याच तेलावर एके काळी चमत्कारही खपले. १९७० च्या दशकात मनाच्या शक्तीचा दावा करणाऱ्या उरी गेलरने दूरचित्रवाणीवरून प्रेक्षकांना बंद घड्याळं हातात धरायला सांगितली आणि घरोघरी काही घड्याळं चालू झाली. त्याला मनाची शक्ती लागत नाही. तळहाताच्या उबेने घट्ट तेल सैल होतं, हाताळल्याने बॅलन्सला हिसका बसतो, आणि चावी शिल्लक असलेलं घड्याळ थोडा वेळ चालतं. जास्त ज्वेल, म्हणजे यंत्रातले माणकाचे खडे, असले की घड्याळ भारी, ही समजूतही अशीच. ते खडे कारखान्यात बनवलेलं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असतात. काम घर्षण कमी करण्याचं, आणि साध्या चावीच्या घड्याळाला १७ पुरतात. जाहिरातीसाठी शंभर ज्वेलची घड्याळंही निघाली होती. त्यातले बरेचसे खडे काहीच करत नव्हते.

धुताना एक काळजी घ्या. फोर्कचे खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फोर्क आणि बॅलन्स त्यात बुडवू नका. तेल सुईच्या टोकावर मावेल इतकंच. ज्वेलच्या वाटीत ते केशाकर्षणाने टिकून राहतं. जास्त घातलं तर वाटीबाहेर ओघळतं आणि मागे काहीच उरत नाही. फोर्कच्या पिव्हटना तेल लावायचंच नाही. खड्यांच्या तोंडांना मात्र खास ग्रीस लागतं. एरवी ते घट्ट राहतं, दात आपटला की त्या क्षणापुरतं पातळ होतं आणि लगेच पुन्हा घट्ट. त्यामुळे ते जागेवरून हटत नाही.

जोडणी झाली की चावीचे दोनच फेरे द्यायचे आणि बॅलन्स अलगद खाली उतरवायचा. खुंट खाचेत बसला की बॅलन्स थरथरतो आणि हळूहळू त्याचा झोका वाढत जातो. मी पूर्ण चावी देऊन माइकवर ठोके ऐकले. टिकमधल्या पहिल्या आणि शेवटच्या आवाजातलं अंतर मोजून उपकरण झोका काढतं. अंतर जितकं कमी, तितका झोका मोठा. साफ करण्याआधी १९० अंश होता, आता आडव्या घड्याळात २७५ आला आणि उभं धरल्यावर २४०. उभं असताना पिव्हट टोकावर नाही तर कडेवर घासतात, म्हणून तेवढा फरक राहतो.