रिमोट मेला तरी इंजिन सुरू व्हायला हवं: चावीतली दोन यंत्रं

गाडी सुरू होत नाही म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: "चावीचा सेल बदलून बघ." सेल बदलला जातो, गाडी जागच्या जागी. मग बॅटरीवर संशय, मग स्टार्टरवर, शेवटी टोइंग. हे सगळं टळू शकतं. चावीच्या प्लास्टिकमध्ये रिमोट आणि इमोबिलायझरची (अनोळखी चावीने इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची) चिप अशा दोन वेगळ्या गोष्टी असतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

रिमोट तुमच्या ओळखीचा आहे. बटण दाबलं की दारं उघडतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ संदेश पाठवतो आणि त्याला ३ व्होल्टचा गोल सेल लागतो. गाडीच्या अगदी जवळ गेल्यावरच चालायला लागला, की सेल बदला. सेलवरचा नंबर बघूनच घ्या: २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. त्याजागी पातळ २०२५ बसवला तर आतला धातूचा पत्रा सेलला नीट टेकत नाही. आणि मोबाइलचा कॅमेरा लावून रिमोट तपासायची युक्ती टीव्हीच्या रिमोटसाठी आहे. तिथे इन्फ्रारेड प्रकाश असतो, इथे रेडिओ लहरी. कॅमेऱ्यात काही दिसणार नाही.

खरा घोळ होतो तो चिपबद्दल. ती चावीच्या डोक्यात असते, बऱ्याच चाव्यांत जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची काळी वडी किंवा काचेची बारीक नळी. तिला सेल नसतो. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची कॉइल असते. चावी घालून इग्निशन ऑन केलं की ती साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करते. त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. फास्टॅगमध्ये सेल नसतो, तरी टोलनाक्यावर तो वाचला जातो, तसंच हे. फक्त इथे अंतर काही सेंटिमीटरचं. ओळख पटली नाही तर गाडीचा कॉम्प्युटर इंजिन चालू देत नाही.

म्हणून चावी फिरवून सुरू करायची गाडी रिमोटचा सेल पार संपला तरी सुरू व्हायलाच हवी. उलट रिमोट ठणठणीत, दारं पटापट उघडतायत आणि इंजिन मात्र धरत नाही, हेही होतं. "दार उघडलं ना, मग चावी चांगली आहे" हे निदान मला अजिबात मान्य नाही. त्याने फक्त रिमोट चांगला ठरतो.

लक्षणं बघा. स्टार्टर नुसता टकटक करतोय आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतायत, तर १२ व्होल्टची मोठी बॅटरी तपासा. स्टार्टर जोरात फिरतोय पण इंजिन धरत नाही, किंवा धरून सेकंदा-दोन सेकंदांत बंद पडतंय, आणि डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह भराभर मिचकावतंय, तर संशय इमोबिलायझरवर. काही मॉडेलांत स्टार्टरच फिरत नाही, म्हणून त्या चिन्हाकडे आधी बघावं. गाडी लॉक असताना ते संथपणे लुकलुकत असेल तर बऱ्याच गाड्यांत ते नेहमीचंच आहे.

मग घरातली दुसरी चावी आणा. याहून चांगली चाचणी नाही आणि ती फुकट आहे. दुसऱ्या चावीने गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या चावीत. दोन्हींनी होत नसेल तर कॉइल, तिचा कनेक्टर, फ्यूज यांच्याकडे वळा. मात्र दोन्ही चाव्या एकाच जुडग्यात ठेवून ही चाचणी करू नका. दोन चिपा जवळ आल्या की वाचनात गडबड होऊ शकते.

मला सर्वांत जास्त चीड येते ती कव्हर बदलताना होणाऱ्या निष्काळजीपणाची. जुनं कव्हर फाटलं म्हणून माणूस नवं फ्लिप कव्हर घेतो. दुकानदार सर्किट काढून नव्यात बसवतो, पातं लावतो, बटण दाबून दार उघडून दाखवतो आणि जुनं कव्हर कचऱ्यात टाकतो. चिप त्या जुन्या कव्हरच्या खाचेत चिकटलेली राहते. काही चाव्यांत चिप सर्किटवरच असते, तिथे ही भीती नाही. पण इंजिन सुरू होईपर्यंत जुनं कव्हर हातातून सोडू नका.

रस्त्यावरच्या चावीवाल्याने नुसतं पातं कापून दिलेली डुप्लिकेटही अशीच: दार उघडेल, इग्निशन फिरेल, इंजिन नाही. नव्या चिपची नोंद गाडीत करावी लागते, त्यासाठी यंत्र लागतं आणि पुष्कळदा कंपनीचा सुरक्षा कोडही. "त्यापेक्षा इमोबिलायझरच बायपास करून देतो" म्हणणाऱ्या गॅरेजातून गाडी परत आणा. ब्रिटन-जर्मनीने १९९८ मध्ये नव्या गाड्यांना तो सक्तीचा केला तो चोऱ्या थांबवण्यासाठी.

बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत मात्र सेलचा संबंध खरोखर येतो. तिथे गाडीच्या हाकेला चावी आपल्या सेलवर उत्तर देते. सेल संपला तर "चावी सापडत नाही" असा संदेश येतो. पण त्या चावीतही बिनसेलची चिप असते. ब्रेक दाबून चावी स्टार्ट बटणाला टेकवा आणि बटण दाबा. काही गाड्यांत ती जागा कन्सोलमधल्या खाचेत किंवा स्टिअरिंगच्या खांबाजवळ असते, मालकाच्या पुस्तिकेत चित्रासह दाखवलेली असते. सेल संपायच्या आधीच ती शोधून एकदा करून बघा.